लॅब्राडॉरला पक्षी न चुरता आणायला शिकवणारा क्लास: पैसे, चिखल आणि निकाल

आधी निकाल सांगून टाकते. क्लास चांगला आहे, स्वस्त नाही, आणि कुत्र्याला पाण्यातून वस्तू आणायला शिकवायचं एवढाच हेतू असेल तर इथे पैसे घालू नका. पण लॅब्राडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घरात आलंय, पुढेमागे त्याला शूटवर, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीला, न्यायचंय, आणि त्याने पडलेला पक्षी न चावता, न चुरता हातात आणून द्यावा असं वाटत असेल, तर हा क्लास घेणाऱ्या बाईंसारखा हात मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

क्लासचं नाव लिहीत नाही. बाई सगळं एकट्याच बघतात, त्यांची वेटिंग लिस्ट आधीच लांबलचक आहे आणि इंटरनेटवर आपलं नाव आलेलं त्यांना खपत नाही. इंग्लंडात श्रॉपशरमध्ये, लडलोच्या आसपास राहणाऱ्यांनी कुठल्याही गेमकीपरला, म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्याला, विचारावं, पत्ता मिळतो.

मी मूळची कराडची, इथे हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. माहेरी कुत्रा म्हणजे ओट्यावर झोपणारा आणि भाकरीचा तुकडा वरच्यावर झेलणारा. पक्षी मारण्याचा तर विषयच नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तितर मारला तर गुन्हा होतो. इथे मात्र शेजारच्या शेतावर दर हिवाळ्यात शूट असतं. पार्ट्रिजचा, म्हणजे तितराच्या जातीच्या पक्ष्याचा, हंगाम १ सप्टेंबरला आणि फेझंटचा, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा, १ ऑक्टोबरला सुरू होतो, दोन्ही १ फेब्रुवारीला संपतात. रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंदी. बंदूक घेऊन उभे राहतात ते पैसेवाले. आमच्यासारख्यांना तिथे शिरकाव दोनच वाटांनी मिळतो. एक, काठी आपटत रानातून पक्षी उठवायचे. दुसरी, बंदुकांच्या रांगेच्या बरंच मागे कुत्रा घेऊन उभं राहायचं आणि पडलेले पक्षी गोळा करायचे. ह्याला पिकिंग-अप म्हणतात. दिवसाचे थोडे पैसे मिळतात, दुपारी गरम सूप मिळतं आणि संध्याकाळी घरी न्यायला फेझंटची एक जोडी.

आमची काजळ काळी लॅब्राडॉर, वर्किंग लाइनची, म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या वंशातली. शोमधल्या लॅबपेक्षा ही अंगाने सडसडीत, डोक्याने अरुंद, आणि घरात दहा मिनिटं गप्प बसली तर बरं नाही की काय म्हणून आम्हीच जाऊन बघतो. ती आठ महिन्यांची झाल्यावर क्लासला घातली. बाई त्याआधी घेतच नाहीत, त्याचं कारण पुढे येईल.

पक्षी चुरला तर बिघडलं कुठे, मेलेलाच तर आहे, असं आमच्या घरीही विचारून झालं. एक कारण सरळ आहे: शूटचे बहुतेक पक्षी गेम डीलरकडे, म्हणजे शिकारीच्या मांसाच्या व्यापाऱ्याकडे, विकायला जातात आणि तो चिरडलेला पक्षी घेत नाही. दुसरं कारण मला माझ्याच गॅसवर कळलं. फेझंटचा मी आपला कोंबडीचा करतो तसाच रस्सा करते, कांदा-खोबरं भाजून, कांदा-लसूण मसाला घालून. मांस कोरडं असतं, तेव्हा मंद आचेवर जास्त वेळ ठेवायचा. कोणीतरी दिलेल्या एका पक्ष्याच्या बरगड्या कुठल्याशा कुत्र्याने दाबून पार आत बसवल्या होत्या. सोलताना छातीच्या पिंजऱ्यात रक्त साखळलेलं दिसलं, तरी धुऊन घेतला आणि शिजवला. मुलीच्या दुसऱ्याच घासात हाडाचा अणकुचीदार तुकडा आला. मग चमच्याने ढवळून बघितलं तर सगळ्या रश्श्यात तसलाच चुरा. पातेलं कुत्रीलाही न देता बाहेर ओतलं.

आता क्लास. शनिवारी सकाळी, तासाभराचा, गटात सहा कुत्री. एका वेळचे २५ पौंड, आणि सहा शनिवारांचे एकदम भरायचे. एकट्याचा धडा ५५ पौंडांना. खऱ्या पक्ष्यांवरचा धडा ह्या सहात धरलेला नाही. कुत्रं तयार झालंय असं बाईंना वाटलं तरच त्या बोलावतात, आणि तो एकट्याचाच असतो. म्हणजे कोर्सचे दीडशे भरले की पक्षी बघायला मिळतील असं समजून जाऊ नका. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी ह्यावरून वाद घातला होता. मला विचाराल तर बाईंचं बरोबर होतं, पण बुकिंग करताना हे तोंडी तरी सांगायला हवं, ते त्या सांगत नाहीत.

पहिल्या शनिवारी कोणी काहीच फेकलं नाही. सगळे खिशात नव्या कोऱ्या डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या कापडी गुंडाळ्या, घेऊन आलेले, कुत्री उतावीळ झालेली, आणि बाई शिकवतायत माणसांनी उभं कसं राहायचं ते. कुत्रं तोंडात वस्तू घेऊन येतं तेव्हा आपण काय करतो? समोर उभे राहतो, खाली वाकतो, हात पुढे करतो. कुत्र्याच्या दृष्टीने हा माणूस आपली वस्तू हिसकावायला निघालाय. मग ते एकतर वळसा घालून पळतं, नाहीतर वस्तू दोन पावलं अलीकडे टाकतं, नाहीतर दात घट्ट रोवतं. तिसरं तेवढं आपल्याला लगेच कळत नाही, कारण डमी कॅनव्हासची असते, तिला काही होत नाही. पुढे पक्ष्याला होतं.

बाईंची पद्धत अशी. कुत्रं यायला लागलं की अंग तिरकं करायचं, नजर दुसरीकडे, जमलं तर दोन पावलं मागे सरकायचं. जवळ आल्यावर वस्तूला हातच लावायचा नाही. छातीवरून, कानामागून हात फिरवायचा, तोंडात वस्तू धरून मिरवू द्यायचं. ते शांत झालं, नाकाने श्वास संथ झाला, की हनुवटीखाली तळहात धरायचा आणि हळू आवाजात ‘डेड’ म्हणायचं. वस्तू हातात आपसूक येते. नाहीच सोडली तर ओढायचं नाही. उलट धरून स्थिर ठेवायची, वाटल्यास तसूभर आत ढकलायची. ओढलं की जबडा आवळतो, ओढ थांबली की सैल पडतो. मी दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि माना सोडवते. जो स्नायू ओढाल तो उलट ओढणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण तो नेमका क्षण हाताला कळणं वेगळं, आणि ह्या बाईंच्या हाताला तो कळतो. काजळच्या जबड्याखाली हात धरून त्या गटातल्या दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत होत्या, आणि बोलता बोलता डमी त्यांच्या हातात होती.

बक्षीस म्हणून खाऊ द्यायला इथे बंदी आहे. खिशातला खाऊ दिसला की कुत्रं तोंडातली वस्तू थुंकून खाऊकडे येतं आणि हातात द्यायची सवय लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं. इतर बाबतीत, म्हणजे बसणं, शेजारून चालणं ह्यासाठी खाऊ चालतो.

घरचा अभ्यास साधा होता, आणि माझ्या मते सगळ्या कोर्समधला सगळ्यात कामाचा. घरातला अरुंद पॅसेज निवडायचा, बाजूची सगळी दारं लावून घ्यायची, एका टोकाला जमिनीवर बसायचं आणि गुंडाळलेला मोजा सरपटत फेकायचा. पिल्लाला पळायला दुसरी वाट नाही; उचललं की तुमच्याकडेच यावं लागतं. आल्यावर वर सांगितलं तसं. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा, आणि कुत्र्याला अजून हवंय तोवरच थांबायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याचा रस जातो, मग ते वस्तू तोंडात खेळवतं, चघळतं, आणि चघळण्यातून दाबायची सवय लागते. पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये लॅब पाळणाऱ्या मैत्रिणींनाही मी हा पॅसेजचा प्रकार सांगितला. त्यांना फेझंट नको असतात, पण पायमोजे आणि टीव्हीचा रिमोट धडका परत हवा असतो.

आणखी एक नियम: फेकलेल्या वस्तूंपैकी निदान अर्ध्या आपण स्वतः चालत जाऊन आणायच्या, कुत्र्याने बसून बघायचं. सगळं आपल्यासाठीच पडतं असा समज झाला की ते बंदुकीच्या आवाजासरशी सुटतं, घाई करतं, आणि घाईत झडप घातली की दात लागतात. चिखलात मी चालत जाते आणि काजळ बसून बघते हे दृश्य नवऱ्याला फार आवडतं. त्याच्याकडे व्हिडिओही आहेत.

गटात एक गोल्डन होता, देखणा. त्याच्या घरच्या मुलांनी त्याच्याशी दोरी ओढण्याचा खेळ महिनोन्‌महिने खेळलेला. तो डमी आणायचा, अगदी सरळ आणायचा, आणि मालकिणीने हात लावला की चारी पाय रोवून मागे ओढायचा. गुरगुर नाही, राग नाही. त्याच्या मते खेळ आता कुठे सुरू होतोय. बाईंनी त्याला महिनाभर काहीही आणायला लावायचं नाही म्हणून सांगितलं. तेवढे पैसे पुढच्या कोर्सला वळते केले, हे नमूद करायला हवं. आठ महिन्यांच्या अटीचं कारणही ह्याच्याच जवळचं. साधारण चार ते सात महिन्यांत पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या दुखत असतात. त्या दिवसांत तोंडात वस्तू धरायला लावली तर एकतर ते टाकून देतं, नाहीतर हिरड्या शिवशिवतात म्हणून चावत बसतं. दोन्ही सवयी पुढे मोडता मोडत नाहीत.

सामानाबद्दल थोडं, कारण दुकानात गेलात की डोकं फिरतं.

शिट्टी घ्या ती बर्मिंगहॅमच्या ॲक्मेची, २११.५ नंबरची. लॅबवाले बहुतेक हीच वापरतात, स्पॅनिअलवाले २१०.५. नंबर म्हणजे सूर. हरवली तर त्याच नंबरची दुसरी आणली की कुत्र्याला फरक कळत नाही. प्लॅस्टिकची आहे, दहा पौंडांच्या आत येते, थंडीत ओठाला चिकटत नाही. डमी सुरुवातीला अर्ध्या पौंडाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमची, आणि मग एक पौंडाची. दोन्ही साध्या हिरव्या कॅनव्हासच्या. एक पौंडाची डमी वजनाला पार्ट्रिजच्या किंवा रानकबुतराच्या जवळ जाते, पण फेझंटचा नर दीड किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे एक पौंडावरच वर्ष काढलेलं कुत्रं पहिला नर उचलताना गडबडतं: मान किंवा पंख धरून फरफटवतं, किंवा वजन पेलायला जोर लावतं, आणि जोर लावला की चुरा. म्हणून कुत्रं वर्षाचं झाल्यावर मधूनमधून तीन पौंडाची. ती मध्यभागी धरल्याशिवाय उचलतच नाही, त्यामुळे तोल कुठे आहे ते कुत्रं आपणहून शोधतं.

टेनिस बॉल नकोच. तो दाबला की दबतो, सोडला की फुगतो, आणि त्यातच कुत्र्याला गंमत वाटते. शीळ वाजणारी खेळणी त्याहून वाईट.

नवऱ्याने हौसेने फोमचा खोटा पक्षी मागवला, तीस पौंडांचा. अंग मऊ, डोकं कडक प्लॅस्टिकचं आणि दोरीवर लोंबतं. कल्पना अशी की कुत्र्याने झटकला तर डोकं त्याच्याच थोबाडावर आपटतं आणि झटकायची सवय जाते. मोठ्या, निबर कुत्र्यासाठी ठीक असेल. काजळच्या नाकावर ते एकदा आपटलं आणि तिने दोन दिवस त्या वस्तूकडे पाहिलं नाही. बाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि त्याऐवजी फेझंटचे दोन वाळलेले पंख काढून दिले: साध्या डमीला रबरबँडने बांधा. फुकटात काम झालं. पिसांचा वास, पिसांचा स्पर्श, आणि वजन ओळखीचं.

आता ज्यासाठी मी दुसऱ्यांदा पैसे भरले तो धडा. काजळ तेव्हा वर्षाची झाली होती.

बाईंच्या गॅरेजमध्ये एक फ्रीझर फक्त पक्ष्यांचा आहे. छर्रे लागून फाटलेला, रक्ताळलेला एकही पक्षी त्यात नाही. प्रत्येक पक्षी गोठवताना पंख अंगालगत मिटवून, डोकं पंखाखाली सारून, कागदात गुंडाळलेला. रात्रभर बाहेर काढून पूर्ण मऊ होऊ दिलेला पार्ट्रिज त्यांनी घेतला, पंखांवरून एक रबरबँड चढवला, म्हणजे पळताना पंख उघडून कुत्रीच्या डोळ्यांवर येणार नाहीत. कबुतर का नाही, असं विचारलं तर त्यांनी एक कबुतर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, जरा घट्ट धरा. धरलं. सोडलं तर मूठभर पिसं तळहाताला चिकटलेली. तोंडात असा बोळा बसला की कोवळं कुत्रं ओकारी देतं आणि पक्षी नको म्हणतं. कबुतरच वापरायचं असेल तर ते जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून वापरायचं. ताजा, ऊब असलेला पक्षी सुरुवातीला अजिबात नाही. गरम रक्ताच्या वासाने चांगलं कुत्रंही चाटायला आणि चावायला लागतं.

काजळने आधी पंख बांधलेली डमी आणली. मग बाईंनी तसाच, त्याच जागी, पार्ट्रिज टाकला. ती सवयीने पळत गेली आणि पक्ष्यापाशी ब्रेक लागल्यासारखी थांबली. वास घेतला. पंजाने डिवचलं. मी शिट्टी तोंडाशी नेली तर बाईंनी माझं मनगट धरून खाली केलं. आम्ही पाठ फिरवून चालायला लागलो. काजळने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा पक्ष्याकडे, मग पाठीवरून, मधोमध धरून उचलला, आणि काठोकाठ भरलेला चहाचा कप न्यावा तशी मान ताठ ठेवून माझ्या डाव्या गुडघ्यापाशी आली. घाईने घ्यायचा नाही हे मला एव्हाना पाठ होतं. हनुवटीखाली हात, ‘डेड’, पक्षी हातात. पिसं ओली होती, एवढंच.

त्यानंतरची दहा मिनिटं माझ्या मते ह्या क्लासची खरी किंमत आहेत. बाईंनी पक्षी माझ्या हातात उताणा ठेवला. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, पंखांच्या खाली बरगड्यांवर. तिथून मागे कमरेपर्यंत हलकेच सरकवायचं. शाबूत पिंजरा गोलसर लागतो, थोडा दाबला तर परत वर येतो. मग त्यांनी फ्रीझरमध्ये मुद्दाम जपून ठेवलेले दोन पक्षी काढले. पहिल्याच्या एकाच बाजूच्या बरगड्या मोडलेल्या, दुसरी बाजू ठीक. हा उंचावरून कडक जमिनीवर पडला असेल, किंवा छर्रा लागला असेल. ह्याच्यावरून कुत्र्याला दोष देता येत नाही. दुसऱ्याच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या, बोटांच्या मधे जवळजवळ काही उरलेलंच नाही, आणि कमरेचं मांस लगदा झालेलं. हे कुत्र्याच्या तोंडाचं काम. फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, जज प्रत्येक पक्षी असाच चाचपतात आणि हार्ड माउथ, म्हणजे पक्षी चुरणारं तोंड, सिद्ध झालं तर कुत्रं तिथल्या तिथे बाद. मात्र त्याआधी तो पक्षी कुत्र्याच्या हँडलरलाही हातात घेऊन बघू देतात. एकाच पक्ष्यावरून निकाल देऊ नका, हे बाईंनी मला दोनदा बजावलं. डोळे मिटून तिन्ही पक्षी ओळखायला लावले. ओळखले. माझा धंदाच तो.

फ्रीझरवरून आठवलं. बाईंनी सरावासाठी दोन कबुतरं नायलॉनच्या मोज्यात गाठ मारून घरी दिली. त्याच महिन्यात सासूबाई कराडहून आल्या होत्या. त्या माळकरी. सकाळी ओला नारळ काढायला गेल्या आणि तिथूनच हाक आली, ‘‘अगं, हे मोज्यात काय भरून ठेवलंयस?’’ मी म्हटलं, ‘‘आई, ते काजळच्या शाळेचं आहे.’’ त्यांनी गाठीतून बाहेर आलेला पाय बघितला, फ्रीझरचं दार लावलं आणि म्हणाल्या, ‘‘नारळ ताजाच फोडू.’’ त्याच संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये जुना फ्रीझर आणून लावला. तेव्हा खर्चात ते ४० पौंड धरा.

तक्रारी. पाण्यातून आणण्याचा एक धडा कोर्सच्या कागदावर छापलाय. तो झाला नाही, कारण तळ्याचं पाणी हिरवं झालं होतं. कुत्र्यांना घातक म्हणून रद्द केला ते योग्यच, पण त्याऐवजी जे दिलं ते मागच्याच आठवड्याचं होतं, आणि पैसे परत नाहीत. गट मिसळलेला: आमच्यात आठ महिन्यांची पिल्लं होती आणि दोन हंगाम झालेला एक स्प्रिंगर स्पॅनिअलही होता, त्याच्या मालकाला बाईंचा वेळ जास्त मिळायचा आणि आम्हाला कमी. पार्किंग म्हणजे शेताचं फाटक. पाऊस पडलेला असेल तर छोटी गाडी नेऊ नका, आम्हाला ट्रॅक्टरने ओढून काढलंय. टॉयलेट नाही. मेसेजचं उत्तर तीन-चार दिवसांनी, तेही दोन शब्दांत. आणि बाई गोड बोलत नाहीत. माझ्या आवाजाला त्या ‘बाजारातला आवाज’ म्हणाल्या. मला राग आला नाही, कारण मंडईत भाव करूनच मी मोठी झाले, पण एक तरुण मुलगी गाडीत बसून रडली होती.

क्लासने काय होत नाही, हेही सांगते, कारण जाहिरातीत कोणीच सांगत नाही. मऊ तोंड बरंचसं रक्तात असतं. लॅब्राडॉर हे न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून काम करणाऱ्या कुत्र्यांचे वंशज. ब्रिटनमध्ये आणून सरदारघराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली आणि केनेल क्लबने १९०३ मध्ये जात म्हणून मान्यता दिली. गोल्डनची सुरुवात १८६८ मध्ये स्कॉटलंडात लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे झाली, तीही पडलेला पक्षी आणण्यासाठीच. दोन्हींमध्ये दाबून आणणारा कुत्रा प्रजननाला वापरायचा नाही हा दंडक. तेव्हा पिल्लू घेतानाच आईबाप कामाचे आहेत का, विचारा. बाई स्पष्ट म्हणतात की त्या तोंड बनवत नाहीत, बिघडू देत नाहीत. अमेरिकेत कान चिमटून तोंडात वस्तू धरायला लावण्याची, म्हणजे फोर्स फेचची, पद्धत बरीच चालते. तिथले कसलेले ट्रेनर ती पायरीपायरीने करतात म्हणे. इथे बाई ते नाव काढू देत नाहीत. मलाही ती पटत नाही. जे कुत्रं आपणहून आणून देतं त्याचा कान का पिळायचा?

उपयोग झाला का? काजळला पहिल्या हंगामात बाईंनी नुसतं दोरीवर ठेवून बघायला लावलं. दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, तिने झुडपातून फेझंटची एक मादी आणली. ती मेलेली, मोकळ्यावर नाही पण फार दाटीतही नाही, अशी मुद्दाम निवडलेली. मी रांगेमागे गुडघ्यावर बसून बरगड्या चाचपल्या. गोल. त्या दिवशी एक जखमी नर समोरून धावत गेला आणि काजळ थरथरत होती, पण तिला सोडलं नाही. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्रीने तो आणला. नराच्या पायाला टोकदार आर असते, फडफडताना ती कुत्र्याच्या तोंडाला लागते, आणि कोवळं कुत्रं एकदा दुखलं की पुढच्या पक्ष्याला आधी गच्च दाबून मग उचलतं. मुक्या जनावराला तडफडत ठेवू नये म्हणून कोणीतरी तो पटकन आणायलाच हवा, पण ते काम जुन्या कुत्र्यांचं. हेही बाईंनीच शिकवलेलं, आणि शूटवर उभं असताना ते पाळणं क्लासमध्ये ऐकण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, कारण आजूबाजूचे सगळे ‘सोडा की तिला’ म्हणत असतात.

कोणी जावं: ज्यांना खरंच पिकिंग-अप करायचंय, ज्यांचं कुत्रं आठ महिन्यांचं झालंय, आणि ज्यांना दोन गोष्टी ऐकून घेता येतात. नुसता आज्ञाधारक कुत्रा हवा असेल तर गावातला साधा पपी क्लास अर्ध्या पैशात होतो. पैसे मोजून ठेवायचे असतील तर गटाचा कोर्स एकदाच करा आणि उरलेले एकट्याच्या, पक्ष्यांवरच्या धड्याला राखून ठेवा. गटात सहा शनिवारांत मिळतं त्याहून जास्त त्या एका तासात मिळालं. पाचपैकी चार तारे. पाचवा तळ्यात गेला.

फोन फेब्रुवारीत करा, हंगाम संपल्यावर. त्याआधी बाई उचलत नाहीत. उन्हाळ्याच्या जागा मार्चमध्येच भरतात. वेलिंग्टन बूट घाला, जुना टॉवेल गाडीत ठेवा, आणि लडलोमधून निघतानाच टॉयलेटला जाऊन या.